बोरहाळच्या विहिरीला तेल लागलं, त्याची हकीकत

सोलापूरची गड्ड्याची जत्रा उलगली, पाळणेवाले सामान बांधून गेले, आणि त्याच आठवड्यात माझ्या धाकट्या बहिणीचं, गंगूचं पत्र आलं. गंगूला लिहिता येत नाही. पत्र गावच्या मास्तरांच्या हातचं, पण बोलणं सगळं तिचंच. "दादा, आमच्या विहिरीच्या पाण्यावर तेल आलंय. संस्थान म्हणतं आमचं, खालसा म्हणतो आमचं. तू जन्मभर तेलातच हाईस. ते तेल कसलं तेवढं येऊन सांग."

माझं शुक्रवार पेठेत दिवाबत्तीच्या तेलाचं दुकान आहे. घासलेट, करडईचं, एरंडीचं, शेंगांचं, सगळं ठेवतो. शाळेचा उंबरा मी ओलांडला नाही. अक्षरं शिकलो ती पुड्या बांधायच्या रद्दीवर, आणि त्याच रद्दीतून जगाचं राजकारणही शिकलो, फक्त महिनाभर उशिरानं. तीस वर्षं घासलेटाचे डबे फोडताना एक विचार मनात यायचा, की हे तेल सात समुद्रापलीकडून येतं आणि आपल्या देव्हाऱ्यापुढं जळतं. आपल्या जमिनीत देवानं चार थेंब ठेवले असते तर काय बिघडलं असतं? त्यात गंगूचं पत्र. मग काय, मी तर गाडीच्या वेळा विचारायलाच निघालो.

आमच्या घरचीनं कडक भाकऱ्या, शेंगांची चटणी आणि दह्यातल्या दशम्या बांधून दिल्या. चटणी माझ्याच दुकानच्या कोऱ्या कागदात. दुकानाचं दार ओढून घेतलं तसं ते नेहमीप्रमाणे कुईंऽऽ करून किंचाळलं. ती म्हणाली, "अहो, तेलाचं दुकान आणि दार असं रडतंय. लोक हसतात." मी म्हटलं, गिऱ्हाईक आलेलं कळतं त्यानं. हे उत्तर मी तीस वर्षं देत आलोय.

ज्यांना तिकडं जायचं असेल त्यांच्यासाठी सांगतो. सोलापुरातून सकाळची गाडी धरावी. होटगीला उतरेपर्यंत पान चघळून होत नाही. तिसऱ्या वर्गाचं तिकीट आण्या-दोन आण्यांचं काम. पुढं मात्र बैलगाडीच, आणि रस्ता म्हणाल तर चाकोऱ्या आहेत, रस्ता नाही. काळी जमीन, पावसाळ्यात जाल तर चाक आणि माणूस दोघंही तिथंच रुतायचे. पौष-माघात जावं. दोन्ही हातांना शाळूची, म्हणजे ज्वारीची, ताटं डोक्याइतकी उंच, मधूनच करडईचे काटेरी पट्टे आणि वर स्वच्छ निळं आभाळ. सोबत पाणी ठेवा, आणि ढुंगणाखाली घ्यायला घोंगडी जरूर न्या. मी विसरलो होतो.

मला न्यायला गंगूचा शेजारी बसप्पा गाडी घेऊन आला होता. चाळिशीचा माणूस. पंधरा वर्षं सोलापूरच्या कापडगिरणीत साच्यावर काढली आणि बाप वारल्यावर, दोन वर्षांमागं, शेत बघायला गावी परतला. आईशी कानडीत बोलतो, बैलांशी मराठीत. वाटेत त्यानं मला गावचं सगळं राजकारण समजावून सांगितलं.

बोरहाळ गाव ओढ्याच्या दोन काठांवर आहे. उगवतीचा काठ संस्थानाचा, मावळतीचा इंग्रजांच्या मुलखातला, म्हणजे खालशाचा. बसप्पाचं घर संस्थानात, शेत खालशात. त्याला मत नाही, पण त्याच्या बैलांना असायला पाहिजे, असं तो म्हणाला, कारण ते दिवसभर खालशातच राबतात. गंगूची विहीर ओढ्याच्या अगदी कडेला. पूर्वी एका पुरात ओढ्यानं कूस बदलली, तेव्हापासून ती विहीर कुठल्या बाजूची हे कुणालाच ठाऊक नाही. "आणि कुणाला नकोच हुतं की," बसप्पा म्हणाला. "गाळ काढायचा म्हटलं की संस्थान म्हणायचं खालशाची, खालसा म्हणायचा संस्थानची. दोन्ही काठाच्या बाया पानी मात्र तितनंच नेत्यात." या दिवाळीनंतर संस्थानातून हुकूम आला, हद्दीचे दगड नवे रोवा. एक कारकून आला, त्यानं विहिरीच्या काठाशी पुरुषभर लांबीचा दगड घणानं ठोकून घेतला. त्यानंतर महिन्याभरात पाण्यावर तेल दिसलं. झालं, खालशाची माणसं जागी झाली, आणि आता दगड चुकीच्या जागी आहे म्हणून तक्रार चालू होती.

गंगूनं मला बघितलं आणि आधी माझ्या पोटाकडं बघून हसली. भाकरी, करडईच्या पाल्याची भाजी, जवसाची चटणी, वर ताकाचा गडू. जेवण होईपर्यंत तिनं विहिरीचा विषय काढला नाही. पान लावताना म्हणाली, "दादा, तेल असंल तर जमीन जाईल माझी. गाव म्हणतं जाऊ दे, सडक हुईल, दिवं लागत्याल. मी न्हाय म्हणत न्हाय. पन माझं दोन वाफं कांदं उभं हाईत, आन सगळ्या गावाचं पानी हाय त्ये. तू खरं काय त्ये सांग. मग जाऊ दे नायतर ऱ्हाऊ दे." गंगूचे मालक तरुणपणीच वारले. त्या दोन वाफ्यांवर आणि त्या विहिरीवर तिनं दोन लेकी उजवल्या. माझ्या एका शब्दावर ती विहीर सोडायला तयार होती, हे ऐकून मला अभिमानच वाटला. भीती वाटायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर ही गर्दी. संस्थानचे कारकून भाऊराव, अंगात काळा कोट, काखेत दप्तर. खालशाकडून लोकल बोर्डाच्या निवडणुकीला उभे असलेले आप्पासाहेब, गांधी टोपी नवीकोरी, घडी मोडलेली नव्हती. दोघंही "सोलापूरचे तेलवाले" येणार म्हणून थांबले होते. आप्पासाहेबांनी माझ्या गळ्यात झेंडूचा हारही घातला. मला जन्मात कुणी हार घातला नव्हता, लग्नातला सोडला तर.

मी पायऱ्या उतरलो. पाण्यावर खरोखरच तवंग होता. ऊन पडलं तशी मोराच्या पिसाची रंगसंगती हालत होती. काठाच्या दगडातून एका जागी काळं काही पाझरत होतं. बोट लावलं, चोळलं, हुंगलं. डांबरासारखा, धुरकट वास. करडईचा नव्हे, एरंडीचा नव्हे, शेंगांचा तर नव्हेच. चटणीच्या कागदाचा कोरा तुकडा खिशात होता, त्याला एक बोट पुसून ठेवलं. गंगू वरून वाकून म्हणाली, "दादा, ह्यो वास म्या कुटंतरी घेतलाय रं." मी म्हटलं, "माझ्या दुकानात घेतला असशील, घासलेटाचा." ती मागं सरली.

वर आलो तर शंभर डोळे माझ्याकडं. आणि वाचकहो, खोटं कशाला बोलू, त्या वेळी मला स्वतःलाच ते तेल हवं होतं. गळ्यात हार होता. मी घसा साफ केला आणि बोललो, "जमिनीतलंच दिसतंय."

काय तो जल्लोष! आप्पासाहेबांनी तिथल्या तिथं पक्की सडक, दिवे असलेली शाळा आणि मोटारगाडी जाहीर केली. भाऊराव मात्र शांतपणे दप्तर सोडून बसले. जाणकारानं जमिनीतलं तेल सांगितलं तर वरून माणूस येईपर्यंत विहिरीला हात लावू द्यायचा नाही, असा हुकूम त्यांच्याकडं तयारच होता. त्यांनी मोटेच्या चाकाला दोरा गुंडाळला, त्यावर लाख वितळवली आणि शिक्का मारला. तसं बघता-बघता टाळ्या थांबल्या. बाया घागरी घेऊन आल्या होत्या त्या तशाच ओढ्याच्या वाळूत झरे उकरायला गेल्या. आतापर्यंत वरची साय हातानं सारून पाणी नेत होत्या, आता तेही गेलं.

एका म्हातारीनं जाता जाता माझ्याकडं बघून विचारलं, "वरनं मानूस कवा येनार म्हनं?"

भाऊराव म्हणाले, "लिहिल्यावर येईल."

त्या दिवशी घागरभर पाण्याला गंगूला चार खेपा पडल्या आणि कांद्याच्या पाती दुपारपर्यंत माना टाकून बसल्या. मी पाणी मागितलं की ती आणून द्यायची. मग मी मागणंच सोडलं.

तिसऱ्या दिवशी बसप्पानं मला हुरड्याला बोलावलं. सोलापूरकडचा हुरडा ज्यानं खाल्ला नसेल त्या माणसाचा हिवाळा फुकट गेला असं मी समजतो. शेणकुटांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांच्या खड्ड्यात, कणसं खुपसायची, गरम असतानाच तळहातावर चोळायची, फुंकर घालायची आणि शेंगांच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचं. बसप्पाची आई निंगव्वा आराशेजारी बसली होती. गुडघे गेल्यामुळं दोन वर्षांत ती घर आणि शेत यापलीकडं कुठं गेली नव्हती. मला म्हणाली, शहरातली माणसं चिमणीसारखं खातात. तिनं माझ्या तळहातावर एवढा ढीग ओतला की बोटं भाजली.

बोट पुसायला मी खिशातून कागद काढला तर तोच, कालचा. आणि बोट पुसायच्या आधी मी तो जाळासमोर धरला.

घासलेटाचा डाग कागदावर टिकत नाही. दुकानात रोज बघतो मी. उन्हात ठेवला की तासाभरात उडून जातो. बियाण्याच्या तेलाचा डाग जन्माचा. कागद आरपार दिसायला लागतो, तो तसाच राहतो. जमिनीतल्या तेलाची काळी राळ राहील फार तर, पण हा डाग चांगला रुपयाएवढा पसरला होता आणि त्याच्यापलीकडं मला आरातला जाळ दिसत होता. ही परीक्षा कुठल्याही वाण्याला करता येते, आणि मी ती कागद खिशात घालून, हार घालून, विसरलो होतो.

निंगव्वानं माझ्या हातातला कागद ओढून घेतला. नाकाशी नेला. मग एकदम हळू आवाजात म्हणाली, "नम्म यजमानरदु." आणि मला कळावं म्हणून मराठीत, "आमच्या मालकाचं हाय की रं ह्ये. तुला कुटं गावलं?"

मग तिनं सांगितलं ते असं. तिचा नवरा दर साली करडईचं काळं तेल काढायचा. मोटेच्या कातड्याला आणि नाड्याला ते चोळलं की कातडं पाण्यात कुजत नाही. घाण्यावर नाही काढत हे. एक मडकं जमिनीत गळ्यापर्यंत पुरायचं, त्याच्या तोंडावर करडई भरलेलं दुसरं मडकं पालथं घालायचं, सांधा मातीनं लिंपायचा आणि वर शेणकुटांचा जाळ. बी करपतं आणि तेल थेंब-थेंब खालच्या मडक्यात उतरतं. वरचं मडकं काढून खालच्यावर झाकण ठेवलं की झालं, वर्षभर जमीनच ते सांभाळते. तिचा नवरा हे मडकं गंगूच्या विहिरीच्या काठाशीच पुरायचा, मोट तिथंच चालायची म्हणून. शेवटच्या साली मडकं भरलं आणि तो गेला. बसप्पा गिरणीत. गावानं बाजारातलं गाडीचं वंगण वापरायला सुरुवात केली. मडकं कुठं आहे हे कुणी विचारलंच नाही.

"मी विचारायला पायजे हुतं," बसप्पा म्हणाला. कणीस चोळायचं विसरून ते हातातच धरलं होतं त्यानं.

मला मात्र घणाचे घाव ऐकू यायला लागले. मडकं विहिरीच्या काठाशी, दगड विहिरीच्या काठाशी.

आणि हे तेल मी ओळखलं का नाही? कारण ते कधी दुकानात विकायला आलंच नाही. शेतकरी घरी काढतो, घरी वापरतो. मी तेलाचा जाणकार खरा, पण फक्त विकत मिळणाऱ्या.

तसाच उठलो आणि चावडीवर गेलो. भाऊराव अहवाल लिहून शाई सुकायला वर वाळू टाकत होते. विहिरीतल्या तेलाची बाटली घेऊन स्वार दुसऱ्या दिवशी निघायचा होता. आप्पासाहेबही तिथंच, सडकेची लांबी काढत. मी चप्पल बाहेर काढली आणि सरळ सांगितलं की काल मी बोललो ते चुकलं, ते करडईचं तेल आहे आणि तुमच्या दगडाखाली फुटलंय.

आप्पासाहेबांचा चेहरा त्यांच्या टोपीसारखा पांढरा झाला. म्हणाले, "अहो, मी दहा गावांना सांगून बसलोय."

"मीही अख्ख्या गावाला सांगून बसलोय," मी म्हटलं.

भाऊरावांनी लेखणी ठेवली. माणूस वाईट नव्हता, त्याला फक्त लिहिलेलं खोडायची भीती होती. अशी खाडाखोड असलेला कागद वर गेला तर पहिलं नाव त्याचंच विचारतील, असं तो म्हणाला. मी म्हटलं, माझं नाव घाला. शुक्रवार पेठेतल्या तेलवाल्यानं हार घातल्यावर थाप मारली आणि हुरडा खाल्ल्यावर खरं सांगितलं, असं लिहा. तो पहिल्यांदाच हसला. पण दगड उपटू द्यायला काही तयार होईना. दरबारचा दगड, हात लावला तर गुन्हा.

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. बसप्पानं आईला गाडीतून आणलं होतं. गाडीत बसल्याबसल्याच ती भाऊरावांशी कानडीत बोलली. भाऊरावांची आईही कानडीच बोलत असणार, कारण पहिल्या वाक्यालाच ते उठून उभे राहिले. काय बोलली ते बसप्पानं मला मागाहून सांगितलं: साहेब, तुमचं तेल तुम्ही न्या, दगड तुमचा तुम्हीच ठेवा, मला माझ्या मालकाच्या मडक्याची एक खापरी द्या.

भाऊरावांनी दप्तराची दोरी बांधून टाकली. मग मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तो दगड जरा कललाय. सरळ करून घ्या. सरळ करायला काढावा लागला तर काढा."

अर्ध्या तासात दोन्ही काठांची माणसं पहारी-फावडी घेऊन हजर. दगड निघाला तसा तळाशी काळा चिकट चिखल, आणि त्यात मडक्याच्या खापऱ्या. अर्धं मडकं अजून तसंच, त्यात वीतभर तेल. तोच वास. गंगू माझ्याशेजारी उभी होती. मला वाटलं आता बोलेल, म्हणेल मी सांगत नव्हते का. ती फक्त म्हणाली, "दादा, दोरा तोड म्हनावं आता." भाऊरावांनी स्वतःच्या हातानं लाख फोडली.

पुढचा तमाशा ऐका. तेल नाही म्हटल्यावर विहिरीचा मालक कोण? ती साफ करायला हवी होती ना. आप्पासाहेब म्हणाले, दगड इतके दिवस संस्थानचा होता, तेव्हा विहीर संस्थानची. भाऊराव म्हणाले, दगड काढल्यावर हद्द स्पष्ट होत नाही, तेव्हा वरून खुलासा मागवतो. दोघंही त्याच दुपारी आपापल्या वाटेनं गेले. जाताना आप्पासाहेब माझा हार विसरले नाहीत, पुढच्या गावी लागेल म्हणाले.

मी दोन दिवस आणखी राहिलो. विहीर आम्हीच उपसली. संस्थानातले चार आणि खालशातले पाच जण आत, मी वर, राखेची टोपली पुरवायला. तेलकट दगड राखेनं घासून काढले. नवं झिरपलेलं पाणी पहिल्यांदा ती झरे उकरायला गेलेली म्हातारी प्यायली, आणि तोंड वाकडं करून म्हणाली, "लई सपक लागतंय की." सगळी विहीर हसली. कांद्याच्या पाती दुसऱ्या दिवशी सकाळी उभ्या होत्या. त्या बघायला मी चहाच्याही आधी गेलो होतो.

आणि तो दरबारचा दगड? सरळ करायला कुणी परत आलंच नाही. गंगूनं तो थारोळ्याशी, मोटेचं पाणी पडतं तिथं, आडवा टाकून घेतला. दोन्ही राज्यांच्या बाया त्यावर धुणी आपटतात.

निघताना निंगव्वानं मला त्या अर्ध्या मडक्यातलं तेल एका बाटलीत भरून दिलं. उरलेलं मोटेला लावायचं म्हणून ठेवलं. खापरीचा एक तुकडा मात्र तिच्या पदराच्या गाठीत होता. आणि बसप्पानं यंदा करडई निघाली की मडकं पुरायचं ठरवलंय. आई बसून सांगणार आणि तो करणार.

होटगीच्या फलाटावर मी भजी खाल्ली, ती मात्र खाऊ नका. घोंगडी यावेळी गंगूनं दिली होती, त्यामुळं परतीचा प्रवास बसून झाला.

घरी आल्यावर लोक विचारत राहिले, काय हो, लागलं का तेल? मी सगळं सांगतो, माझ्या चुकीसकट. काही जण हिरमुसतात. मलाही थोडं वाईट वाटतं, नाही असं नाही. सडक झाली असती तर बरंच झालं असतं. ती मागायला तेलाची वाट का बघायची, असं मी पुढच्या वेळी आप्पासाहेबांना विचारणार आहे. मतं मागायला ते सोलापुरातूनच गाडी धरतात.

तो चटणीचा कागद मी गल्ल्यावर चिकटवून ठेवलाय. अजून त्यातून आरपार दिसतं.

बाटलीतलं तेल कशाला वापरावं हे कळेना. शेवटी एक दिवस दुकानाच्या दाराच्या बिजागऱ्यांना चोळलं. तीस वर्षांचं रडणं बंद झालं. आता गिऱ्हाईक येऊन उभं राहतं आणि मी पेपरात डोकं घालून बसलेला असतो. परवा आमच्या घरची आतून म्हणाली, "बोरहाळला नाक ठेवून आलात, आता कानही गेले का? गिऱ्हाईक केव्हाचं उभंय." मी मान वर केली. एक बाई बाटली पुढं करून उभी होती, आणि नाक उडवत विचारत होती, हा वास कसला हो, ओळखीचा वाटतोय.

मी स्टूल पुढं केलं आणि म्हटलं, बसा बाई, आधी तुम्हीच सांगा, कुठं घेतला होता?